न चाखलेला मध

साब्रान आला तेव्हा मी पुस्तकं उन्हात मांडत होतो. तळ्याचं पाणी चढायला लागण्याआधी हे काम उरकावं लागतं, नाहीतर पुढे महिनोन्महिने पानं ओली राहतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. त्यानं होडी खांबाला बांधली, चपला हातात घेऊन शिडी चढला आणि पुस्तकांना वळसा घालून भिंतीला टेकून बसला.

"पाक गुरू, एक सांगायचंय. आधीच सांगतो, रागावायचं नाही."

मी रागावल्याचं गावात कुणी पाहिलेलं नाही. तरी माझ्याशी बोलताना सगळे अशीच सुरुवात करतात. निवृत्त मास्तराशी असंच बोलायचं असतं, असं त्यांना वाटत असावं.

"यंदा मासुंगच्या टोकावर मी वाटेची फळी टांगणार."

"टोक माक रापियाचं आहे," मी म्हणालो. मोठ्या बायकांना आम्ही माक म्हणतो, पुरुषांना पाक.

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतोय? दोन फुलोरे रिकामे गेले, हा तिसरा. तिच्या फळीवर पाहुण्या बसल्या तर माझी फळी काढून घरी आणीन आणि चुलीत घालीन. नाही बसल्या, तर कायदा तुम्हीच सांगा. प्रमुख तुम्ही."

कायदा त्यालाही माहीत होता आणि मलाही. पाणी चढलं की आमच्या तळ्यावर आग्या माश्या येतात. त्यांचं नाव घेण्याची पद्धत नाही, आम्ही त्यांना पाहुण्या म्हणतो. त्यांच्यासाठी आम्ही कोरलेल्या फळ्या झाडांना तिरप्या टांगतो. फांदी समजून त्या फळीखाली पोळं बांधतात. फळी ज्याची, मध त्याचा, आणि ज्या राईत फळ्या, ती जागा त्या घराची. मात्र लागोपाठ तीन फुलोरे त्या घराच्या एकाही फळीवर पोळं लागलं नाही, तर जागा मोकळी होते आणि तिथे आधीपासून वाटेची, म्हणजे वाट बघणारी, फळी टांगून बसलेल्याकडे जाते. राया अडवून कुणी नुसतं बसून राहू नये म्हणून पूर्वजांनी हे ठरवलं. मधवाल्यांच्या आमच्या मंडळीला, म्हणजे पेरियाऊला, एवढ्याशा गोष्टींसाठी प्रमुख लागतो. आधीचे प्रमुख वारले तेव्हा गावात दोन तट पडले होते. दोन्ही तटांना ज्याची भीती वाटत नाही असा माणूस शोधता शोधता ते माझ्यापर्यंत आले. मला झाडावर चढता येत नाही. एक माशी चावली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते.

"तुला मध कधीपासून हवासा झाला?" मी विचारलं.

साब्रान हसला. "मध कोणाला पाहिजे? मला पाणी पाहिजे. माझे माशांचे पिंजरे कुठं आहेत तुम्हाला ठाऊक आहे, भर वाऱ्यात. गेल्या वादळात दोन फुटले. वर्षभर खाऊ घातलेले तोमान मासे शेजाऱ्यांच्या जाळ्यात सापडले, आणि वर शेजाऱ्यांनी मलाच जेवायला बोलावलं! टोकाच्या आतलं पाणी बघा, थाळीतल्यासारखं. तिथं पिंजरे बांधले तर रात्री झोप तरी लागेल."

"आणि तिची रोपं?"

त्यानं माझ्या एका पुस्तकावरची मुंगी बोटानं हलकेच बाजूला केली. "थोडी वाट काढावी लागेल."

ही थोडी वाट किती रुंद असते ते मला माहीत होतं. पिंजऱ्यांमागून इंजिन येतं, खाद्याच्या होड्या येतात, पहारा करायला झोपडी येते, झोपडीत चूल येते. पण साब्रान खोटं बोलत नव्हता आणि बेकायदा काही मागत नव्हता. मी म्हणालो, "टांग." मग तो गेला आणि मी बराच वेळ एकच पुस्तक उलटंपालटं करत बसलो.

मासुंगचं टोक, म्हणजे तळ्यात घुसलेली मासुंगच्या झाडांची राई, जळलं ते लिमान गेल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत. लिमान हा रापियाचा नवरा. सगळ्या गावाला फळ्या कोरायला त्यानं शिकवलं, साब्रानलाही. आग कुणाच्या चुलीतून गेली ते कधी कळलं नाही. तळं आटलं की जमीन वरून चिखलासारखी दिसते, पण आतून वाळलेल्या मुळांची असते. आग तिथे पायाखालून चालते. टोकावर तुकड्या-तुकड्यानं बऱ्याच जणांच्या फळ्या होत्या, पण इतरांच्या दुसरीकडेही होत्या; आगीनंतर त्यांनी तिकडेच टांगल्या. लिमानच्या सगळ्या तिथेच होत्या.

त्या वर्षी सगळं गाव टोकावर गेलं. आम्ही राख ओढली, तण उपटलं, वेली तोडल्या, अंगण झाडावं तसं जंगल झाडलं आणि ओळीत रोपं लावली. फार समाधान वाटलं होतं. पाणी चढलं, उतरलं, आणि मोकळ्या चिखलासकट सगळी रोपं वाहून गेली. मग गावाचा उत्साह संपला. रापिया एकटीच जात राहिली. एकटीला तण उपटणं झेपेना, म्हणून तिनं उपटलंच नाही. जांभळ्या फुलांचं ते रानगवत आणि लिबांगच्या वेली होत्या तशा ठेवून मधेच बोटानं भोकं पाडून ती रोपं खोचत गेली. वेलींनी चिखल धरून ठेवला आणि चिखलानं रोपं.

कुणी कौतुक केलं तर ती म्हणायची, "अक्कल नव्हे हो, कंटाळा."

रोपं तिला तळंच द्यायचं. पुराच्या पाण्यावर मासुंग आणि पुतात या झाडांच्या मोड आलेल्या बिया तरंगत येतात. ती होडीतून त्या मासे पकडायच्या झेल्यानं गोळा करायची. लोक हसायचे, रापिया आता बिया खाऊन राहणार म्हणायचे. पण जाळ्यात आलेल्या बिया फेकवेनात. मासेमारीहून परतताना प्रत्येक होडी तिच्या ओसरीखाली क्षणभर थांबायची आणि कुणीतरी मूठभर मोड वर फेकायचं. साब्रानही फेकायचा, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

मी तिला बातमी द्यायला गेलो तेव्हा ती ओसरीत मासे साफ करत होती. भोवती गंजलेले डबे आणि बांबूची नळकांडी, प्रत्येकात दोन पानं.

"तोंड का पडलंय, पाक गुरू? परत कुणी प्रमुख केलं वाटतं?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"टांगू दे. फक्त म्हणावं नीट टांग. लिमानकडे शिकलायस. वाकडी दिसली तर मी स्वतः जाऊन काढीन."

"दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नसतो."

"मला सांगताय?" ती म्हणाली, आणि कॉफी ठेवायला आत गेली. परत आली तेव्हा आवाज खाली आला होता. "टोक गेलं तर पिंजरे येतील. वाट करायला कोयता लागेल. माझी रोपं अजून अंगठ्याएवढी जाडसुद्धा नाहीत, पाक गुरू. कोयत्याला कळणारही नाही आपण काय कापलं ते. टोक जळलं तेव्हा मी घरी होते, नुसता धूर बघितला. ह्या वेळेला मला बघत बसावं लागेल."

"कदाचित यंदा येतील," मी म्हणालो.

"कदाचित," ती म्हणाली, आणि मला साखर जास्त घातली.

पाणी चढलं. झाडं गळ्यापर्यंत बुडाली आणि आमच्या होड्या फांद्यांमधून जाऊ लागल्या. एका सकाळी डोक्यावरून तो आवाज गेला, आणि बायका भांडी तशीच ठेवून बाहेर आल्या. पाहुण्या आल्या होत्या. पलीकडच्या राईत पहिली पोळी लागली, मग नदीच्या वळणावर. टोकावर काही नाही.

फुलोरा अर्धा झाला तेव्हा मी पाक लोंगला घेऊन पाहणीला गेलो. पाक लोंग माझ्याहून मोठा, गावातला सगळ्यात जुना मधवाला, आणि त्याला गप्प बसता येत नाही.

"गुरू, तू होडी वल्हवतोयस की पाण्याला गुदगुल्या करतोयस?"

टोक जवळ आलं तसा तोही गप्प झाला. जळल्यापासून मी ते फुललेलं पाहिलं नव्हतं. जळालेली खोडं पाण्यातून काळी उभी होती आणि त्यांच्यावर शेंड्यापर्यंत लिबांगची वेल चढली होती, फिकट फुलांनी भरलेली. जळक्या पुतातच्या बुंध्यांतून नवे धुमारे फुटून त्यांना लाल लोंबते तुरे आले होते. बारीक काळ्या केलुलुत माश्या इतक्या होत्या की पाणीसुद्धा गुणगुणतंय असं वाटत होतं. आणि त्यांच्यामधून मोठ्या पाहुण्याही येत-जात होत्या. येत होत्या, खात होत्या, आणि निघून जात होत्या.

"मग बसत का नाहीत?" मी विचारलं.

पाक लोंगनं हनुवटीनं वर दाखवलं. रापियाच्या फळ्या त्याच जळक्या खोडांना होत्या, लिमाननं जिथे टांगल्या होत्या अगदी तिथेच. आणि प्रत्येक फळी वेलीनं लपेटली होती. खालची बाजू, जिथे पोळं लागायचं, ती पानाफुलांनी बुजून गेली होती.

"असल्या फळीखाली कोण बसेल? पाहुणीला बोलवायचं आणि दारात पलंग आडवा घालायचा."

"तिला दिसत नसेल?"

"दिसतं की. मी विचारलं होतं तिला. म्हणते, ज्यांना बोलवायचं त्यांच्यापुढचं ताट कसं उचलू? फुलं तोडवत नाहीत बाईला. आणि लिमानची झाडं सोडवत नाहीत."

एक फळी होडीतून हाताच्या अंतरावर होती. वल्ह्याच्या टोकानं दोन-तीन वेली बाजूला सारल्या असत्या तर खालची बाजू मोकळी झाली असती. मी वल्हं उचललं. पाक लोंग माझ्याकडे बघत राहिला. कुणीही दुसऱ्याच्या फळीला वल्हंसुद्धा लावायचं नाही, हा नियम प्रमुखानंच सांभाळायचा असतो. मी वल्हं परत पाण्यात घातलं. ते बरोबर केलं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

साब्रानची फळी टोकाच्या मागच्या अंगाला होती. तिथे एक मोठं पुतात अर्धंच जळलं होतं, एक बाजू हिरवी. त्या हिरव्या फांदीला फळी, समोर उडायला मोकळी वाट, सकाळचं ऊन, दुपारची सावली. पाक लोंगनं माझ्याकडून वल्हं घेऊन होडी तिच्याखाली नेली आणि मान मागे टाकून बघत राहिला.

"तेंबेसूचं लाकूड. मेण चोळलंय, तेही जुनं. आणि कोरीवकाम बघ, लिमानचाच हात." तो मोठ्यानं हसला. "गाढव लेकाचा! वाटेची फळी नुसती खुणेला टांगायची असते. एखादं फळकूट अडकवलं असतं तरी चाललं असतं."

मी नंतर साब्रानला हे विचारलं होतं. तो कानकोंडा झाला. म्हणाला, "फळकूटच घेतलं होतं हातात, पाक गुरू. पण माणसं बघणार. आणि लिमानबांगनं शिकवलेलं... हात ऐकेना." लिमानला तो अजून बांग, म्हणजे दादा, म्हणायचा.

पाहणीनंतर काही दिवसांनी साब्रानची बायको सेनिह हसत हसत माझ्या शिडीखाली आली. होडीतूनच ओरडली, "पाक गुरू, आमच्या ह्यांच्याकडे पाहुण्या आल्यात! आता माणूस कोपऱ्यात तोंड करून बसलाय, जेवत नाही!"

साब्रानच्या फळीवर पोळं लागलं होतं, बघता बघता सुपाएवढं. दुसऱ्या दिवशी तो आला. पुस्तकं कपाटात गेली होती, तरी सवयीनं वळसा घालूनच बसला.

"आता?"

"भरल्या फळीपासून हाकेच्या अंतरात इंजिन नाही, चूल नाही, पिंजरा नाही," मी म्हणालो. "त्या जाईपर्यंत."

"ते मला माहीत आहे हो! माझीच फळी आणि मीच बाहेर!" त्यानं कपाळाला हात लावला. "पण त्या गेल्यावर?"

"त्या गेल्यावर जागा तुझी."

हे बोलताना मला रापियाच्या ओसरीतले डबे दिसत होते. रात्रभर जुने नियम मनात घोळवले आणि पळवाट सापडली नाही. सापडली असती तर ती वापरण्याचं धैर्य असतं का, तेही माहीत नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू दिसते. साब्रानची बाजू तर मला उघड्या डोळ्यांनी दिसत होती, भर वाऱ्यात डुलणारी.

पुतातची शेवटची फुलं पाण्यावर पडली तशी मध उतरवायची वेळ आली. पूर्वी आमची माणसं सगळं पोळं खाली आणायची, पिल्लांसकट. आता आम्ही उजेडी जातो, थोडा धूर देतो, आणि मधाचं डोकं तेवढं कापून घेतो. पिल्लांचा भाग राहू देतो, म्हणजे पाहुण्या तोंड फिरवत नाहीत. साब्राननं कित्येक वर्षांत पोळं कापलं नव्हतं. त्याच्या होडीत पाक लोंग धूर धरून होता. मागे माझी होडी, आणि माझ्या होडीत रापिया. तिला यावंच लागतं. जागा एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते तेव्हा पहिला मध जुन्या धनिणीनं चाखायचा असतो. तिनं चाखला की तिनं जागा सोडली, आणि मगच नवा धनी तिथे पाऊल घट्ट रोवू शकतो. आजवर कुणी खळखळ केलेली नाही. तोंड वाकडं करून का होईना, चाखतात.

साब्रान वर हात करून कापत होता. खूप हळू. मधेच थांबून म्हणाला, "पाक लोंग, इथपर्यंत?"

"आणखी बोटभर. आता बास! पाहुण्यांच्या लेकरांना हात नको."

कापलेला तुकडा बादलीत आला तेव्हा त्याच्या हातावर सात-आठ डंख होते आणि चेहऱ्यावर लहानपणीचं काहीतरी. त्यानं मधाचं बोट नाकाशी नेलं, चाखायचं तर अजून नव्हतं.

"लिबांग," तो म्हणाला. मग आजूबाजूच्या काळ्या खोडांवरच्या वेलींकडे त्यानं बघितलं, आणि मग माझ्या होडीकडे. "सगळा लिबांगचाच आहे, माक."

रापिया पाण्यावर पडलेली फुलं बोटानं बाजूला सारत होती.

संध्याकाळच्या आत सगळी मंडळी तिच्या ओसरीत जमली. कुणी मासे कुटून केलेलं केरुपुक आणलं, कुणी भाजलेले मासे. साब्राननं मध गाळून एका बरणीत आणला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवला. मी तिच्या शेजारी बसलो होतो. प्रमुखाला बसावं लागतं.

"घे, माक," साब्रान म्हणाला. हे दोन शब्द त्याला जड गेले.

तिनं बरणी उजेडाकडे धरली. झाकण काढून वास घेतला. डोळे मिटले. मला वाटलं ती आता रडेल, आणि मी माझ्या गुडघ्याकडे बघायला लागलो. तिनं झाकण परत लावलं.

"आज नको. आज माझा दात दुखतोय. गोड चालत नाही."

रापियाच्या तोंडात दात किती आहेत ते सगळ्या गावाला माहीत आहे.

पाक लोंगनं विचारलं, "कुठला गं? जो आहे तो, की जो गेला तो?"

"तुला काय करायचंय? तुझा तर मेंदूच गेलाय, कधी दुखला का?"

सगळी हसली. साब्रान हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि हळूहळू सगळेच माझ्याकडे बघायला लागले. पुढे काय ते प्रमुखानं सांगायचं होतं. कायद्यात चाखायचं आहे, कधी ते नाही. इतक्या पिढ्यांत कुणाला दात दुखायचं सुचलं नव्हतं. तिनं चाखेपर्यंत टोक साब्रानचं नाही, आणि तिचंही धड नाही. मी म्हणालो, "दात बरा होईपर्यंत मध प्रमुखाकडे राहील."

सेनिहनं साब्रानच्या कानात काहीतरी सांगितलं. तो उठला, पायरीपर्यंत गेला, आणि परत येऊन केरुपुकचा एक तुकडा उचलून मग गेला. त्यामुळे मला जरा बरं वाटलं. फार रागावलेला माणूस केरुपुक उचलत नाही.

बरणी मी घरी आणली आणि कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवली.

पाणी उतरलं. पाहुण्या गेल्या होत्या, रिकामं पोळं काळं पडून फळीला लोंबत होतं. आता पिंजरे आणायला कुणाची आडकाठी नव्हती, एक दात सोडला तर. साब्रान रोज तिच्या ओसरीखालून जायचा. वर न बघता विचारायचा, "दात कसा आहे, माक?"

"ठणकतोय."

असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी तिनं त्यालाच थांबवलं. "कुऱ्हाड आहे का रे तुझ्याकडे? मोठी? मग ये टोकावर. पाक गुरूंनाही आण, पुस्तकात बसून बुरशी येईल त्यांना."

आम्ही गेलो तेव्हा ती आधीच तिथे होती. चिखलात अनवाणी, शिडी एका जळक्या खोडाला लावलेली. रोपं तिच्या गुडघ्याएवढी झाली होती, वेलीच्या आडून डोकं काढून उभी. तिनं खोडांवरची शेवटची फळी सोडवून खाली आणली होती. बाकीच्या एकावर एक रचून होडीत ठेवल्या होत्या.

"ही खोडं," ती म्हणाली, "जळलीत, पण गाभा पक्का आहे. लिमान म्हणायचा मासुंग पाण्यात म्हातारं होत नाही. ही तोड. फक्त मेलेली. वेल आधी सोडवून खाली ठेव, ती आपली दुसऱ्यावर चढेल. आणि तुझे पिंजरे आहेत ना तिकडे, त्यांच्या वाऱ्याच्या अंगाला रोव. दाट. वारा फुटेल."

साब्रान कुऱ्हाड हातात घेऊन उभा राहिला. "ही लिमानबांगची झाडं."

"मग काय? मी सांगतेय ना."

"माक, तू तिन्ही फुलोरे..."

"तिन्ही फुलोरे मेलेल्या झाडाला फळ्या टांगल्या. आल्या का कुणी? तुझ्या हिरव्या फांदीला आल्या." तिनं नाक पुसलं, हाताचा चिखल नाकाला लागला. "उभा काय राहिलास? ऊन चढतंय. आणि रोपावर पाय दिलास तर बघ."

त्यानं तोडायला सुरुवात केली. पाय कुठे ठेवतोय ते प्रत्येक वेळी खाली बघून. पहिलं खोड पडलं तेव्हा रापियानं तोंड फिरवलं, दुसऱ्या वेळी नाही फिरवलं. मी काही उपयोगाचा नव्हतो. मी वेली सोडवत होतो आणि गुंतवत होतो. दुपारपर्यंत पाक लोंग आला, मग आणखी होड्या आल्या, आणि कुणी न सांगता लोक खोडं ओढून न्यायला लागले. पिंजऱ्यांच्या वाऱ्याच्या अंगाला काळ्या खांबांची भिंत उभी राहिली. दिसायला ओबडधोबड, पण पुढच्या वादळात पिंजरे फुटले नाहीत.

त्या दिवशी परत निघताना तिनं अर्ध्या जळलेल्या पुतातकडे बोट केलं. "त्याच फांदीला माझी एक फळी बसेल का? तुझ्याहून हातभर लांब?"

"बसेल की," साब्रान म्हणाला. "पण तुझ्या फळीचा उतार जास्त असतो, माक. लिमानबांगचा तेवढाच दोष."

"त्याच्या तोंडावर बोलला असतास का?"

"नाही."

पुढच्या पुरात पोळं परत साब्रानच्याच फळीला लागलं. रापिया आठवडाभर कुणाशी बोलली नाही, मग नवी फळी कोरायला बसली. साब्रान तिला लाकूड देऊन आला. गावातल्या बायका आता बिया तिच्याबरोबर टोकावरच घेऊन जातात, आणि तण कुणी उपटत नाही. आम्ही त्याला तण म्हणायचंही हळूहळू सोडलं आहे.

बरणी अजून माझ्या कपाटात आहे. आमचा मध पाणीदार, आत फसफसत राहतो. अधूनमधून झाकण सैल करून वारा जाऊ द्यावा लागतो, नाहीतर एक दिवस माझी सगळी पुस्तकं गोड होतील. परवा साब्रान आला होता. मी झाकण सैल करतच होतो. लिबांगचा वास खोलीभर झाला. तो जवळ आला, वाकून बघितलं, बोट मात्र आत घातलं नाही.

"दात कसा आहे म्हणते?" मी विचारलं.

"काल विचारलं. म्हणाली, ठणकतोय." त्यानं झाकण माझ्या हातातून घेतलं, नीट फिरवून लावलं आणि बरणी पुस्तकांच्या मागे होती तिथे सरकवून ठेवली.

मी निवाडा दिला की टाळला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यालाही विचारायचं होतं. पण त्यानं कॉफी मागितली, आणि मी ती करायला आत गेलो.